गंगाळातलं पाणी

सकाळी साडेआठला आमच्या ड्रेसिंग रूमबाहेरच्या पडवीत अकरा प्लास्टिकचे टब मांडलेले असायचे. निळे, लाल आणि कड उडालेला एक हिरवा. त्यांत नळाचं साधं पाणी, घोटा बुडेल एवढं. समोरच्या बाकांवर माणसं ओळीनं बसायची, लुगडी-धोतरं गुडघ्यापर्यंत वर घेतलेली. वीस मिनिटं पाय पाण्यात. कोणी तंबाखू मळायचं, कोणी शेजारणीशी कापसाच्या भावाबद्दल बोलायचं. वीस मिनिटं झाली की मी पाटावर बसायची, पहिला पाय मांडीवर घ्यायची आणि वजरीनं टाचेचा घट्टा घासायला लागायची.

1988 पासून एकतीस वर्षं मी हे काम केलं. विदर्भातल्या एका मिशनच्या कुष्ठरोग रुग्णालयात मी परिचारिका होते. मूळची नगर जिल्ह्यातली. आमच्याकडे तिसऱ्या पिढीपासून ख्रिस्ती धर्म. घरात संध्याकाळची प्रार्थना चुकत नसे, आणि ‘उपासना संगीता’तली रेव्हरंड टिळकांची गीतं आई चुलीपुढे म्हणायची. रविवारी ऐकलेलं आणि सोमवारी करायचं यांची गाठ मात्र मला या पडवीत येईपर्यंत पडली नव्हती. अजूनही ओळखीचे लोक विचारतात, तुमच्यात अध्यात्म म्हणजे नेमकं काय? चर्चला जाणं, नाताळ, गुड फ्रायडे, एवढंच का? मी त्यांना या टबांबद्दल सांगते.

त्यासाठी आधी रोग समजून घ्यायला हवा. कुष्ठरोगाचा जंतू फार मंद. एकाचे दोन व्हायला त्याला साधारण दोन आठवडे लागतात. लागण झाल्यावर लक्षण दिसायला सरासरी पाच वर्षं, कधी वीससुद्धा. तो त्वचेत आणि मज्जातंतूंत घर करतो. बोटं ‘झडतात’ अशी समजूत आहे, ती चूक. मज्जातंतू निकामी झाला की त्या भागाला स्पर्श कळत नाही, ऊन-थंड कळत नाही, दुखत नाही. माणूस काटा रुतलेल्या पायानं चार कोस चालतो. चुलीवरचं भांडं उघड्या हातानं उतरवतो. जखम होते, ती दुखत नाही म्हणून तिच्यावरच चालत राहतो, ती हाडापर्यंत जाते. शिवाय त्या पायाला घामही येत नाही. घामानं कातडी मऊ राहते हे आपल्या कधी लक्षात येत नाही. घाम बंद झाला की तळवा उन्हाळ्यातल्या काळ्या जमिनीसारखा भेगाळतो. म्हणून रोज पाण्यात भिजवायचा, घट्टा घासायचा, पाणी निथळायच्या आत खोबरेल नाहीतर घरात असेल ते गोडं तेल लावायचं, म्हणजे ओल आत राहते. आणि मग डोळ्यांनी तपासायचा. पाय स्वतःहून काही सांगत नाही, म्हणून बघून विचारायचं.

स्पर्शाची तपासणी आम्ही साध्या बॉलपेननं करायचो. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं, तळव्यावर पेनचं टोक हलकं टेकवायचं आणि म्हणायचं, कुठे लागलं, बोट ठेवून दाखवा. ज्याला कळतं तो पटकन बोट ठेवतो. ज्याला कळत नाही तो डोळे मिटून वाट बघत बसतो, अजून सुरुवात झाली नाही असं समजून. तोवर मी चार ठिकाणी टोक टेकवून मोकळी झालेली असायची.

औषध चांगलं आहे आणि ते फुकट मिळतं. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या. पहिल्या मात्रेतच बहुतेक जंतू मरतात आणि माणसापासून कोणाला लागण होण्याची भीती लवकरच संपते. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली की लोक घाबरून धावत यायचे. तो रिफाम्पिसिनचा रंग, रक्त नव्हे, हे शंभरदा सांगावं लागायचं. पण मेलेला मज्जातंतू गोळीनं परत येत नाही. रोग बरा होतो, बधिर पाय जन्मभर राहतो. माझी सगळी नोकरी या बऱ्या झालेल्या माणसांच्या बधिर पायांपाशी गेली.

आता पवित्र गुरुवारची गोष्ट. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री प्रभू येशूनं शिष्यांबरोबर शेवटचं भोजन केलं. मत्तय, मार्क आणि लूक त्या रात्रीची भाकर आणि प्याला सांगतात. तेच आमचं प्रभुभोजन, कॅथलिक लोकांचं मिस्सा. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र भोजनाच्या वेळी भाकर-प्याल्याचा तो प्रसंगच नाही. त्या जागी तो सांगतो की येशू जेवणावरून उठला, वरची वस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुवायला लागला. त्या काळी धुळीच्या वाटेवरून आलेल्या पाहुण्याचे पाय धुणं हे घरच्या गुलामाचं काम. यहूदा अजून उठून गेला नव्हता, म्हणजे धरून देणाऱ्याचेही पाय त्यानं धुतले. पेत्राला ते सहन झालं नाही, तो पाय मागे घ्यायला लागला.

चर्चमध्ये दर वर्षी पाळक बारा जणांचे पाय धुतात. मी लहानपणापासून ते बघत आले. निवड झालेले बारा जण घरून साबणानं पाय धुऊन, नखं काढून येतात. त्यात वाईट काही नाही, पाहुणा येणार म्हणून आपणही घर झाडतोच. पण पेत्र का लाजला हे त्या स्वच्छ पायांकडे बघून मला कधी कळलं नव्हतं. पडवीत पहिल्याच आठवड्यात एका म्हातारीनं पाय ओढून घेतला. साठीची असेल, नऊवारी, कपाळावर मोठं गोंदण. म्हणाली, “पायाले हात नोका लावू बाई. तुमी शिकल्या-सवरलेल्या.” पाया पडायला मोठ्यांच्या पायांना हात लावायचा आणि एरवी पायाला विटाळ मानायचा, अशा आपल्या गावांत एका अनोळखी बाईनं आपला सडका वास येणारा पाय मांडीवर घ्यावा, ही तिला शिक्षाच वाटत होती. मी तसाच हात धरून बसले. ती रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाय ओढला. आठवडाभर हे चाललं. पेत्राच्या त्या ओळी मी वाचल्या असतील शंभरदा, ऐकल्या त्या आठवड्यात.

मी काय करत होते ते स्पष्ट सांगते, कारण अशा गोष्टींना उगाच तेज चढवलं जातं. अख्ख्या कातडीच्या पायाला मी उघडा हात लावायची. जखम असेल तर हातमोजे. त्यात भक्ती कमी होत नाही, त्या माणसालाच जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून ते असतात. काही दिवस असे जायचे की जखमेत अळ्या असायच्या आणि मी प्रार्थना वगैरे काही करायची नाही, तोंडानं श्वास घ्यायची आणि चिमट्यानं एकेक काढायची. तेही काम पूर्ण व्हायचं. मग मी एक सवय लावून घेतली. पाय हातात घेण्याआधी माणसाचं नाव घ्यायचं, माहीत असलं तरी, मोठ्यानं. आणि टाच घासताना तेच नाव मनात देवापुढे ठेवायचं. एक पाय, एक नाव. त्याहून लांब प्रार्थना मला त्या पाटावर कधी जमली नाही.

पुढे कळलं की सतराव्या शतकात पॅरिसमधल्या एका कार्मेल मठात असाच एक साधा बंधू होऊन गेला, ब्रदर लॉरेन्स. तरुणपणी सैनिक, लढाईत पाय जखमी झाला, तो जन्मभर लंगडला. मठात त्याला स्वयंपाकघर दिलं, तिथे त्यानं अनेक वर्षं काढली, आणि पुढे मठातल्या लोकांच्या चपला नीट करायचं काम. 1691 साली वारला. प्रार्थनेच्या घंटेला देव जितका जवळ असतो तितकाच भांड्यांच्या खडखडाटात असतो, हे त्याचं सांगणं त्याच्या मागे पत्रांतून आणि संभाषणांतून लोकांपर्यंत पोचलं. त्याच्या चपला मला फार आवडतात. आमच्याकडेही आवारातच चपलांचं छोटं वर्कशॉप होतं. काळ्या मऊ मायक्रोसेल्युलर रबराचा तळ आणि खाली टणक रबर, म्हणजे वजन सगळ्या तळव्यावर विभागलं जातं आणि काटा वर येत नाही. मिस्त्री पाय कागदावर ठेवायला सांगून पेन्सिलीनं कड आखायचे. खिळा अजिबात वापरायचे नाहीत, कारण खिळा वर आला तर पायाला कळणार नाही.

आता एक दुखरी गोष्ट. जानेवारीचा शेवटचा रविवार जगभर कुष्ठरोग दिन म्हणून पाळतात. भारतात गांधीजींच्या स्मृतीसाठी 30 जानेवारीला. अशाच एका रविवारी बाहेरगावच्या एका पाहुण्या उपदेशकांनी आमच्या मंडळीत संदेश दिला. विषय कुष्ठरोग आणि पाप. छोट्या चट्ट्यानं सुरुवात होते, कळत नाही, पसरतं, संवेदना मारतं, माणसांतून उठवतं, तसंच पाप. बोलणं ओघवतं होतं, लोक माना डोलवत होते. मागच्या तीन बाकांवर आमचे रुग्ण बसले होते. सोमवारी एका सुतारानं टबात पाय ठेवत मला विचारलं, “बाई, पापाले दुसरा रोग नव्हता का भेटला त्यायले? आमचाच काउन?”

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तो नंतर कित्येक महिने चर्चमध्ये आला नाही, पडवीत मात्र रोज यायचा.

त्या सुतारामुळे मी नीट अभ्यासाला बसले. लेवीय या पुस्तकाच्या तेराव्या-चौदाव्या अध्यायांत एका रोगाचे नियम आहेत, ज्यासाठी आपल्याकडे महारोग, कुष्ठरोग हे शब्द रूढ झाले. मूळ हिब्रू शब्द त्साराअथ. तो कातडीवरच्या निरनिराळ्या विकारांना लागतो. चट्ट्यावरचे केस पांढरे झाले की नाही हे याजकानं बघायचं, सात दिवस वेगळं ठेवायचं. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावरचे केस असे पांढरे होत नाहीत. बधिरपणा हे या रोगाचं सगळ्यात ठळक लक्षण, त्याचा त्या अध्यायात उल्लेखच नाही. उलट तोच शब्द कपड्यावर पडलेल्या हिरवट-तांबूस डागांना आणि घराच्या भिंतीवरच्या बुरशीसारख्या डागांनाही वापरला आहे. भिंत काय पाप करणार? म्हणजे आपण ज्याला आज कुष्ठरोग म्हणतो तो आणि तो शब्द एक नाहीत, आणि मायकोबॅक्टेरियम लेप्री नावाच्या जंतूला कोणाचं पाप-पुण्य ठाऊक नाही. जन्मांध माणूस दाखवून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं, तेव्हा येशूनं दोन्ही नाकारलं, हे तर आम्ही रविवारशाळेत शिकलेलो.

धर्मशास्त्र हा अभ्यासकांचा विषय, आपल्याला काय त्याचं, असं म्हणणाऱ्यांना मी हा सुतार दाखवते. व्यासपीठावरून उच्चारलेला एक चुकीचा अर्थ कोणाच्या तरी पायावर जाऊन पडतो. आपला कायदाही असल्याच समजुतीवर किती वर्षं चालला: 1898 चा कुष्ठरोग्यांना डांबण्याचा कायदा 2016 साली रद्द झाला, आणि जोडीदाराला कुष्ठरोग असणं हे घटस्फोटाचं कारण म्हणून निरनिराळ्या व्यक्तिगत कायद्यांत होतं, ते 2019 मध्ये गेलं. मधल्या काळात माझ्या टबांशी बसलेल्या किती बायका त्या कारणानं माहेरी आल्या होत्या आणि माहेरनंही ठेवून घेतल्या नव्हत्या.

मार्कच्या पहिल्या अध्यायात असा एक रोगी येशूकडे येतो आणि गुडघे टेकतो. येशू हात पुढे करून त्याला शिवतो आणि मग बोलतो. आधी स्पर्श, मग शब्द, मग बरं होणं. नियमाप्रमाणे अशुद्ध माणसाला शिवणारा स्वतः अशुद्ध. तो तेव्हा अजून बरा झालेला नव्हता. पुढचं वाक्य लोक घाईनं वाचून जातात: त्या माणसानं ही गोष्ट गावभर केली आणि त्यामुळे येशूला उघडपणे नगरात जाता येईना, तो बाहेर ओसाड जागी राहिला. ओसाडीतला माणूस गावात गेला, आणि गावातला ओसाडीत आला. दोघांनी जागा बदलल्या. देव देहात आला असं आम्ही नाताळला म्हणतो, त्याचा अर्थ मला या अदलाबदलीत सगळ्यात स्पष्ट दिसतो.

हे काम फक्त ख्रिस्ती लोकांनी केलं असं म्हणणं खोटं होईल, आणि विदर्भात राहून तर ते तोंडातून निघणारही नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी 1936 साली कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्रामला गांधीजींनी परचुरे शास्त्रींची मालीश स्वतः केली. अमरावतीचं शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन आणि बाबा आमट्यांचं आनंदवन तर घरोघरी माहीत आहे. आमच्या रुग्णांपैकी कित्येक जण या सगळ्या ठिकाणी राहून आलेले. मग तुझ्या कामात ख्रिस्ती काय, असं एका सहकारी डॉक्टरांनी मला सरळ विचारलं होतं. मी म्हटलं, माझा देव त्या बाकाच्या खालच्या बाजूला, पाटावर बसलेला आहे असं मी मानते. मी तिथे बसते तेव्हा त्याच्या शेजारी बसते. उपासना या शब्दाचा अर्थही जवळ बसणं असाच आहे. तेही हसले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

डॉ. पॉल ब्रँड यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. तमिळनाडूच्या डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी 1914 साली जन्मले, 1946 मध्ये वेल्लोरला शल्यचिकित्सक म्हणून आले. कुष्ठरोगात मांस आपोआप सडत नाही, वेदना हरवल्यामुळे माणूस नकळत स्वतःला इजा करून घेतो, हे त्यांनी ठामपणे दाखवून दिलं. वाकड्या बोटांसाठी स्नायुबंध वळवण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. काही रुग्णांची बोटं रात्रीत गायब व्हायची, आणि कारण निघालं उंदीर: झोपेत उंदीर कुरतडत होते आणि माणसाला जाग येत नव्हती. तेव्हा घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर एक मांजर द्यायची प्रथा त्यांनी पाडली. वेदना ही देणगी आहे असं ते आयुष्यभर सांगत राहिले. पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात शरीराचा दाखला आहे, एका अवयवाला दुखलं तर सगळ्यांना दुखतं. ब्रँडना वाचल्यावर तो दाखला मला उलट बाजूनं कळला. तीन बाकांवरची माणसं दुखावली आणि बाकीची मंडळी माना डोलवत राहिली, म्हणजे आम्हीही बॉलपेनखाली डोळे मिटून बसलो होतो.

पुढे आमच्या पाळकसाहेबांनी एक केलं. पवित्र गुरुवारची उपासना त्यांनी संध्याकाळी चर्चमधून हलवून सकाळी पडवीत घेतली. टब तेच, बाक तेच. बारा जण निवडले नाहीत. पाळकांनी पहिल्याचे पाय धुतले, तेल लावलं, आणि मग म्हणाले, आता शेजाऱ्याचे पाय तुम्ही धुवा. योहानात आज्ञा तशीच आहे, तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा अशी. मी एकटी सगळ्यांचे धुवत बसायचं असं तिथे कुठेच नाही, हे लक्षात यायला मला इतकी वर्षं लागली. मला ते सुरुवातीला टोचलंही. पाटावरची जागा माझी होती.

पण आमच्या कामाचाही तोच नियम होता. रुग्णालयात आठ दिवस सिस्टरनं पाय घासून उपयोग नाही, घरी वर्षभर त्यानंच घासायला हवेत. त्यासाठी गावोगाव पाच-दहा जणांचे स्वयंकाळजी गट केले. आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी ओसरीवर जमायचं, आपापलं घमेलं आणायचं, पाय भिजवायचे, एकमेकांचे तळवे बघायचे. ज्याची बोटं आखडलेली त्याला तेलाचं बूच दुसऱ्यानं उघडून द्यायचं. ज्याची नजर गेलेली त्याचे तळवे शेजाऱ्यानं तपासायचे. हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे एका वर्तुळात. सुतार त्यातल्या एका गटाचा प्रमुख झाला. रविवारीही येऊ लागला. मी कारण विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. येऊन मागच्या बाकावर बसायचा.

2019 ला मी निवृत्त झाले. आता मला बारा वर्षांचा मधुमेह आहे आणि वर्षभरापासून उजव्या अंगठ्याला आणि तळव्याला कमी कळतं. मधुमेहातही मज्जातंतू असेच जातात. मी सवयीनं पाय बघते, पण वाकून तळवा बघणं गुडघ्यांमुळे होत नाही. गेल्या पावसाळ्यात जुन्या गटाला भेटायला गेले. ती गोंदणवाली म्हातारी केव्हाच गेली, तिची सून आता गटात येते. तिलाही लग्नानंतर तोच रोग झाला होता, वेळेवर गोळ्या मिळाल्या, एका हाताची दोनच बोटं वाकडी राहिली. मी ओसरीवर बसले तशी ती म्हणाली, “बाई, तुमचा पाय दाखवा.”

मी म्हटलं, राहू दे गं, माझं काय बघायचं.

तिनं ऐकलं नाही. पाट ओढला, माझी चप्पल काढली, घमेलं पुढे सरकवलं. चुलीवरचं पाणी त्यात ओतलं, वर गार ओतलं. मी पाय आत सोडायला लागले तेव्हा तिनं माझा घोटा धरला. आम्हीच शिकवलं होतं की बधिर हातानं पाणी बघायचं नाही. तिनं पदर खोचला, वाकून उजवं कोपर पाण्यात बुडवलं आणि तसंच क्षणभर ठेवलं.

“गरम हाय अजून,” ती म्हणाली. “थांबा.”